सप्टेंबरचं ऊन आणि पाहुणे चाहते: कॉलेज फुटबॉलच्या स्टेडियममध्ये दिवस कसा काढायचा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, पण दक्षिणेतले पहिले चार-पाच शनिवार भर उन्हाळ्याचेच असतात. गेन्सव्हिल, बॅटन रूज, टस्कलूसा, कॉलेज स्टेशन, ऑस्टिन या गावांत सप्टेंबरच्या दुपारी पारा 90 ते 95 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 32 ते 35 सेल्सियसवर, सहज जातो. यजमान संघाच्या चाहत्यांना कोणत्या रांगेवर किती वाजता सावली येते हे पाठ असतं. पाहुणे शुक्रवारी रात्री उतरतात, शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये जमतात आणि तीन-साडेतीन तास तापलेल्या अॅल्युमिनियमच्या बाकावर बसतात. टोपी, पाणी, क्रीम हे सगळं लागतंच. पण तुमचा दिवस कसा जाणार हे बरंचसं तिकीट घेतानाच ठरतं, म्हणून सुरुवात तिथून.

तिकीट घेताना सूर्य बघा

बहुतेक मैदानं लांबीला साधारण उत्तर-दक्षिण असतात. त्यामुळे दुपारनंतर सूर्य पश्चिमेच्या स्टँडच्या पाठीमागे जातो आणि तिथे सावली पडायला लागते. पूर्वेच्या स्टँडवर मात्र मावळेपर्यंत ऊन थेट तोंडावर. प्रेस बॉक्स आणि महागड्या खुर्च्या बहुधा पश्चिमेला असतात त्या याच कारणाने. पाहुण्या शाळेच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, वाट्याला येणारी तिकिटं सहसा वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यात किंवा गोलच्या मागच्या टोकाला असतात. तिथे डोक्यावर काही नसतं.

नुसतं 'पश्चिमेला बसा' एवढ्यावर मात्र काम होत नाही, सामन्याची वेळही बघावी लागते. उन्हाळी घड्याळ, म्हणजे एक तास पुढे केलेलं, चालू असल्यामुळे गेन्सव्हिलला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दीडच्या सुमारास, कॉलेज स्टेशनला एक वीसच्या आसपास. त्यामुळे ईस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागातल्या, वेळेनुसार 12 ला किंवा सेंट्रल, म्हणजे मध्य भागातल्या, वेळेनुसार 11 ला सुरू होणाऱ्या सामन्यात पहिला अर्धा वेळ सूर्य पूर्वेकडेच असतो. तेव्हा ऊन खातात ते पश्चिमवाले. हाफटाइमनंतर तो डोक्यावर असतो आणि कुणालाच धड सावली मिळत नाही. अशा सामन्याला दिशेपेक्षा छप्पर महत्त्वाचं. खालच्या मजल्याच्या सगळ्यात मागच्या रांगा, ज्यांच्यावर वरचा मजला पुढे आलेला असतो, त्या शोधा. तिथून उंच गेलेला चेंडू आणि कधी कधी स्कोअरबोर्ड दिसत नाही, वाराही कमी लागतो. तरी लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर आम्ही हीच जागा सुचवू.

ईस्टर्न साडेतीनच्या किंवा सेंट्रल अडीचच्या सामन्याला हिशेब स्पष्ट असतो. गेन्सव्हिलच्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला सूर्य धरा. सपाट जमिनीवर 30 मीटर उंच भिंतीची सावली दीड वाजता 13 मीटरच्या आसपास असते, साडेतीनला 23 आणि सव्वापाचला जवळपास 48. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात पश्चिमेचा स्टँड मागच्या रांगांपासून खालपर्यंत झपाट्याने सावलीत येतो. त्याच वेळी पूर्वेला बसलेल्यांच्या डोळ्यांत ऊन येतं आणि त्यांना पासही नीट दिसत नाही. टोकाच्या स्टँडपैकी दक्षिणेकडचा बरा, कारण दुपारी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो. उत्तरेकडच्या स्टँडवर तो समोरून येतो.

तिकिटाच्या आधी एवढं करा. उपग्रह नकाशात स्टेडियम उघडून मैदान खरंच उत्तर-दक्षिण आहे का ते पाहा, कारण काही मैदानं चांगलीच तिरपी आहेत. मग सनकॅल्कसारख्या साइटवर ती तारीख आणि वेळ टाकून सूर्य कुठल्या बाजूला आहे ते पाहा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच स्टेडियममधल्या आधीच्या एखाद्या हंगामातल्या, त्याच आठवड्याच्या आणि त्याच वेळेच्या सामन्याचं रेकॉर्डिंग. टीव्हीच्या वरून घेतलेल्या दृश्यात सावलीची रेघ कोणत्या रांगेवर आहे ते स्वच्छ दिसतं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला व्हिडिओ थांबवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ती रेघ आपल्या रांगेपर्यंत चौथ्या क्वार्टरलाही पोचत नसेल, तर पुनर्विक्रीच्या साइटवर यजमानांच्या बाजूचं एखादं सावलीतलं तिकीट बघा. आपल्या माणसांपासून लांब बसावं लागेल, आरडाओरडा जरा आवरावा लागेल. ज्याला उन्हाचा त्रास होतो त्याच्यासाठी ते पैसे योग्य जागी गेले असं समजा.

एक अडचण राहते. हंगामाच्या पहिल्या तीन आठवड्यांच्या वेळा बहुधा आधीच जाहीर होतात, पण नंतरच्या सामन्यांची वेळ टीव्हीवाले साधारण 12 दिवस आधी, कधी कधी फक्त 6 दिवस आधी सांगतात. वेळ माहीत नसताना तिकीट घ्यायचंच असेल तर पश्चिमेच्या छपराखालच्या रांगा कोणत्याही वेळेला सगळ्यात कमी वाईट.

मायामीचे सामने हार्ड रॉक स्टेडियममध्ये होतात. 2016 पासून तिथे बसण्याच्या जागांवर मोठं छत आहे, त्यामुळे बहुतेक प्रेक्षक सावलीत असतात. तटस्थ मैदानावरचा सामना अर्लिंग्टन, अटलांटा किंवा न्यू ऑर्लिन्सच्या बंद स्टेडियममध्ये असेल तर आत थंडच असतं. तिथे फक्त बाहेरच्या पार्किंगची काळजी घ्या.

तापमानाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो

हवामान खात्याचा हीट इंडेक्स बघा. त्यात दमटपणा धरलेला असतो. 94 अंश फॅरनहाइट आणि 55 टक्के आर्द्रता असेल तर हीट इंडेक्स 106 येतो, म्हणजे 41 सेल्सियस. 103 च्या वर गेलं की नॅशनल वेदर सर्व्हिस त्याला धोक्याची पातळी म्हणते. आणि तो आकडा सावलीसाठी असतो. थेट उन्हात त्यात 15 अंशांपर्यंत भर पडू शकते. म्हणून फोनवर 98 दिसलं तरी उघड्या स्टँडमध्ये शरीरावर येणारा ताण धोक्याच्या पट्ट्यातला असू शकतो.

दुसरी गोष्ट सवयीची. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा भार उतरतो. खेळाडूंसाठी एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने 2003 मध्ये सरावाचे पहिले पाच दिवस हळूहळू चढवत नेण्याचा नियम केला, 2021 पासून ते सात दिवस झाले. विस्कॉन्सिन किंवा मिशिगनहून विमानाने आलेल्या चाहत्याला असे सात दिवस कोण देणार? उष्ण प्रदेशात वाढलेल्या माणसानेही गाफील राहू नये. काही आठवडे थंड हवेत आणि एसीत काढले की ही सवय जाते. जमल्यास आधीचे सात-आठ दिवस रोज दुपारी तासभर उन्हात चालून घ्या.

रक्तदाबासाठी पाणी काढणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर, झोप आणणाऱ्या अॅलर्जीच्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं यांनी घाम किंवा शरीराची थंड होण्याची क्षमता कमी होते. औषध आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि त्या माणसाची जागा सावलीतच घ्या.

गेटवर काय अडवतात

छत्री जवळपास कुठेच आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. स्प्रेचे डबे बऱ्याच ठिकाणी काढून घेतात, म्हणून सनस्क्रीन ट्यूबमधलं किंवा कांडीचं घ्या. काच आणि धातूच्या बाटल्याही नाहीत. बॅग पारदर्शक हवी: 12 बाय 6 बाय 12 इंचांपर्यंतची प्लास्टिकची, किंवा एक गॅलनची झिपवाली पिशवी. याशिवाय साधारण साडेचार बाय साडेसहा इंचांची छोटी पर्स चालते. औषधांची बॅग तपासून सोडतात, पण त्यासाठी बऱ्याचदा वेगळं गेट असतं.

पाण्याचा नियम मात्र प्रत्येक शाळेचा वेगळा. कुठे कंपनीची सीलबंद बाटली चालते, कुठे रिकामी प्लास्टिकची बाटली नेऊन आत भरता येते, कुठे काहीच नाही. खूप गरम दिवशी काही शाळा नियम सैल करतात आणि ते आदल्या दिवशी जाहीर करतात. शुक्रवारी संध्याकाळी यजमान शाळेच्या पानावर जाऊन ते वाचा. सीलबंद बाटली चालत असेल तर ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, पण आधी सील न तोडता. पाणी गोठताना फुगतं, त्यामुळे काठोकाठ भरलेली बाटली कधी तरी फुटते. दोन ठेवा. अशी बाटली पहिला तास मानेला लावायला आणि नंतर प्यायला कामी येते.

एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन परत जाण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. म्हणून गाडीत राहिलेली टोपी राहिलीच.

फोनचाही विचार करा. तिकीट, पार्किंगचा पास आणि खाण्याचे पैसे सगळं त्यातच असतं, आणि उन्हात तापलेला फोन स्वतःला बंद करून घेतो. अॅपल आयफोनसाठी 35 सेल्सियसपर्यंतची हवाच योग्य मानतं. तिकीट आधीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, गेटच्या रांगेत फोन पिशवीत टॉवेलखाली ठेवा, आणि एक कार्ड जवळ असू द्या. तापलेला फोन बर्फावर ठेवू नका, आत ओल धरते. सावलीत ठेवला की थोड्या वेळाने चालू होतो.

पार्किंगमधले तास

उन्हाने पडणारी माणसं बहुधा सामन्यात पडत नाहीत, ती टेलगेटमध्ये, म्हणजे सामन्याआधी पार्किंगमध्ये चालणाऱ्या खाण्यापिण्याच्या मेळ्यात, अर्धी संपलेली असतात. संध्याकाळी सातचा सामना म्हणून निर्धास्त राहणारे सकाळी दहापासून डांबरावर उभे असतात, हातात बिअर. सामना सुरू होईपर्यंत नऊ तास उन्हात झालेले असतात. रात्रीच्या सामन्याला सूर्य नसतो हे खरं, पण दिवसभर तापलेलं काँक्रीट उष्णता सोडत राहतं, आणि पारा उतरला की आर्द्रतेचा टक्का चढतो.

दहा बाय दहा फुटांचा तंबू लावत असाल तर पश्चिमेकडची बाजू चादर किंवा जाळी लावून बंद करा. दोन वाजल्यानंतर छताची सावली तंबूच्या बाहेर सरकते आणि लोक नकळत उन्हात बसलेले असतात. जागा निवडता येत असेल तर गवत घ्या, डांबर नको. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला ओल मिस विद्यापीठाच्या ग्रोव्ह नावाच्या मोकळ्या जागेत मोठी झाडं आहेत, तिथे पाहुण्यांनाही सावली मिळते. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांच्या वाट्याला लांबचं उघडं पार्किंगच येतं.

दोन कूलर ठेवा. एक पेयांचा, जो सारखा उघडला जाईल. दुसरा बंद राहील असा: त्यात बर्फ, पाणी, आणि झिपच्या पिशवीत चार-पाच ओले छोटे टॉवेल. माणूस लालबुंद दिसायला लागला की हे टॉवेल मानेवर आणि मनगटांवर ठेवायला तयार मिळतात. पिणाऱ्यांनी प्रत्येक बिअरमागे एक ग्लास पाणी, आणि सामन्याच्या दीड तास आधी बिअर बंद. दारूने लघवी वाढते हा एक भाग. मोठा धोका असा की चक्कर, डोकेदुखी, बडबड ही उष्माघाताची लक्षणं 'जरा जास्त झाली असेल' म्हणून सोडून दिली जातात.

पाणी आदल्या रात्रीपासून प्या. शनिवारी सकाळी लघवी फिकट पिवळी असेल तर सुरुवात ठीक आहे. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पुरतं, ते पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं प्यायचं. तासाला 1.4 लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्याची लक्षणंही मळमळ आणि गोंधळच असतात. बरोबर खारं काही खा: प्रेटझेल, लोणच्याची काकडी, खारे दाणे. दिवसभराचा कार्यक्रम असेल तर ओआरएसची दोन पाकिटं पर्समध्ये मावतात.

अंगावर काय आणि क्रीम किती

संघाचा रंग घालायचाच, पण गडद लाल किंवा निळी जाड पॉलिएस्टरची जर्सी उन्हात भट्टी होते. बॅटन रूजच्या एलएसयू विद्यापीठाचा संघ घरच्या मैदानावर पांढरा घालतो, म्हणून तिथे पाहुणा संघ रंगीत कपड्यांत असतो आणि त्याचे चाहतेही. जाड जर्सीऐवजी संघाचा रंग टोपीत किंवा गळ्यातल्या रुमालात घ्या आणि अंगात सैल, पातळ, फिकट पूर्ण बाह्यांचा शर्ट. रुंद काठाच्या टोपीने मागच्या रांगेतल्या माणसाचं मैदान झाकलं जातं. त्यावर उपाय म्हणजे साधी कॅप आणि तिच्याखाली मानेवर लोंबणारा ओला टॉवेल.

सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त, पाण्यात टिकणारं. तंबूतून निघताना नाही, घरातून निघण्याआधी पंधरा मिनिटं लावायचं आणि मग दर दोन तासांनी. प्रमाणात लोक फार कंजुषी करतात. तोंड, कान आणि मान मिळून एक छोटा चमचा, प्रत्येक हाताला एक, गुडघ्याखालच्या प्रत्येक पायाला एक. म्हणजे एका वेळेला पाच चमचे, 25 मिलिलिटर. दिवसात तीनदा लावलं तर दोन माणसांत 150 मिलिलिटरची ट्यूब संपायला हवी. संध्याकाळी ती अर्धी उरली असेल तर क्रीम कमी लागलं. हनुवटीच्या खालीही लावा, कारण अॅल्युमिनियमचे बाक ऊन खालून वर फेकतात. पावलांची वरची बाजू, केसांचा भांग आणि ओठ हमखास राहतात.

लॅरमीला, जिथे स्टेडियम 7,220 फुटांवर आहे, किंवा बोल्डरला हवा आल्हाददायक वाटेल. तिथे उष्णता नाही, किरण भाजतात. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात.

जागेवर

बाकावर बसायला गादी घ्या. उघड्या मांडीला तापलेला धातू भाजू शकतो. वरच्या मजल्याचे उतार आणि जिने एका दमात चढू नका, मध्ये दोनदा सावलीत थांबा. हाफटाइम 20 मिनिटांचा असतो आणि तेव्हा पाण्याच्या रांगा सगळ्यात लांब असतात. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाच-सहा मिनिटं उरलेली असताना उठा, पाणी घ्या आणि हाफटाइम पूर्ण खालच्या सावलीतल्या वाटेत काढा. काही खेळी चुकतील. त्या बदल्यात मिळणारी पंचवीस-तीस मिनिटांची सावली दुसऱ्या अर्ध्याला पुरते. फवाऱ्याचे पंखे किंवा थंड खोली कुठे आहे ते आत शिरतानाच विचारून ठेवा.

हातातला पंखा दमट हवेत थोडाच उपयोगी. हवा 95 च्या वर गेली की कोरड्या कातडीवर तो गरम झोतच मारतो. आधी मान आणि हात ओले करा, मग पंखा. टेंपे किंवा टूसॉनच्या कोरड्या हवेत पाण्याचा फवारा छान थंडावा देतो, मात्र तिथे घाम लगेच उडून जातो आणि किती पाणी गेलं ते कळत नाही. तिथे घड्याळ बघून प्या.

कुणी ढासळायला लागलं तर

भरपूर घाम, थंड चिकट कातडी, मळमळ, पायात गोळे, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी: ही उन्हाने आलेली थकावट. लगेच सावलीत न्या, आडवं करा, पाय वर, कपडे सैल, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. वाटलं तरी त्या माणसाने पुन्हा उन्हात जायचं नाही, सामना कितीही चुरशीचा असो.

बोलणं अडखळतं, आपण कुठे आहोत ते कळत नाही, विचित्र चिडचिड, शुद्ध हरपते: हा उष्माघात. घाम येत असला तरी. शरीराचं तापमान 104 फॅरनहाइटच्या वर गेलेलं असू शकतं आणि इथे मिनिटं महत्त्वाची. एकाने सगळ्यात जवळच्या स्वयंसेवकाला पकडावं किंवा 911 लावावा. सेक्शन, रांग आणि खुर्चीचा नंबर सांगा, नुसतं 'वरच्या मजल्यावर' म्हणून कुणी सापडत नाही. दुसऱ्याने मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतावं, बर्फ मान, काख आणि जांघेत ठेवावा, वारा घालावा. बर्फ जवळच्या पेयांच्या स्टॉलवर मिळतो, कारण सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रत्येकाने शेजारच्या एका माणसावर लक्ष ठेवायचं हे आधीच वाटून घ्या. ज्याला उष्माघात होतो त्याला स्वतःला ते शेवटी कळतं. दर क्वार्टरला त्याला स्कोअर विचारा. चाहत्याला तो सांगता आला नाही तर उठवून खाली न्या.

सामना संपल्यावर गाडीत बसण्याआधी चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा. पार्किंगमधून बाहेर पडायला तासभरही लागतो, त्यामुळे बंद ठेवलेल्या कूलरमधल्या माणशी दोन बाटल्या या वेळेसाठी राखून ठेवा. थकलेल्या, पाणी कमी पडलेल्या माणसाने लांबचं अंतर गाडी चालवू नये. पहिले दोन तास दुसऱ्याला चालवू द्या, आणि हॉटेलवर पोचून लघवी गडद दिसली तर झोपण्याआधी ओआरएसचं एक पाकीट घ्या.